एक दिवसाआड दीड अंश

शिवकांताला चूक सहन होत असे, पण कारण न सापडणारी चूक सहन होत नसे. गेले एकवीस दिवस तशीच एक चूक तिच्या टेबलावर ठाण मांडून होती.

लातूरच्या एका लहानशा कंपनीत तीन वर्षं खपून तिनं कोन मोजणारा सेन्सर तयार केला होता. रेणापूरच्या वाटेवर एका पाणी योजनेत तो चाचणीसाठी बसवला होता. तिथल्या मोठ्या व्हॉल्व्हचं चाक अजून हातानंच फिरवतात. चाकाचे तीस फेरे झाले की गिअरमधून नळातली तबकडी नव्वद अंश फिरून पूर्ण उघडते. म्हणजे एका फेऱ्याला तीन अंश. चाकाच्या दांड्यावर चुंबक आणि चुंबकासमोर सेन्सर, अशी रचना. चाक किती फिरलं ते मोजायचं, त्यावरून तबकडीचा कोन काढायचा आणि आकडा लातूरला ऑफिसात पाठवायचा. अर्ध्या अंशाहून जास्त चूक चालणार नव्हती. गुरुवारी योजनेचे साहेब तपासायला येणार होते.

"या वेळी नापास झालं की बस," मालक मृत्युंजय यांनी सांगून टाकलं होतं. "मी बाहेरून तयार सेन्सर आणतो. तुमचं हे काम बंद. तुम्ही दुरुस्तीचं बघा."

रोज सकाळी दहा फेरे, म्हणजे तीस अंश. एखाद्या दिवशी आकडा अगदी तीस यायचा. एखाद्या दिवशी साडेअठ्ठावीस. नळातून पाणी मात्र दोन्ही दिवशी सारखंच.

आधी तिला वाटलं, चुंबक दांड्याच्या बरोबर मधोमध नसेल. नांदेडला अजहरच्या लेथवर जाऊन तिनं चुंबक मधोमध धरून ठेवणारा पितळी बुश करून आणला. मनासारखा झाला नाही म्हणून पुन्हा केला.

"ताई, केसाएवढा बी फरक न्हाई आता," अजहर कातावला होता. "व्हॉल्व्हला लावून राहिलात का घड्याळात?"

मग सेन्सरच्या पेटीचं लोखंडी झाकण बदललं. मग उन्हानं आकडा सरकतो का ते पाहून त्याची दुरुस्ती घातली. टेबलावर सेन्सर आणखी आणखी अचूक होत गेला. जागेवर साडेअठ्ठावीस!

रविवारी तिनं चिडून सगळ्या तारखा एका कागदावर मांडल्या, आणि हातातलं पेन तसंच थांबलं. तीस, साडेअठ्ठावीस, तीस, साडेअठ्ठावीस. एकही दिवस चुकला नव्हता. ऊन एक दिवसाआड तापत नाही. चुंबक एक दिवसाआड सरकत नाही. एक दिवसाआड बदलतो तो माणूस.

तिनं योजनेवर फोन केला. व्हॉल्व्हवर दोघं होते, दगडोबा आणि जिलानीचाचा. आलटून पालटून.

ती आजवर तिथं गेली होती ती दुपारी, पाणी सोडून झाल्यावर. सोमवारी मात्र सकाळी सहालाच पोचली. पाळी जिलानीचाचांची होती. त्यांनी मोठ्यानं मोजत दहा फेरे दिले. सेन्सरच्या पेटीवरच्या पडद्यावर तीस आलं. मग दम घेऊन त्यांनी चाक अर्धा फेरा उलटं फिरवलं. पडद्यावर साडेअठ्ठावीस.

"चाचा! हे काय केलंत?"

"काय केलं?"

"उलटं का फिरवलंत?"

"सैल सोडलं. ताणून ठेवलं तर सांच्याला चाक हलत न्हाई. वस्तादानं शिकवलंय. चाळीस वरसं हेच करून राहिलो."

"आणि दगडोबा?"

"त्याला काय कळतंय? त्यो ताणून साखळी लावतो अन् सांच्याला पान्ह्यानं चाक हाणत बसतो."

शिवकांता व्हॉल्व्हच्या खोल चेंबरच्या कडेला बसली. गिअर झिजले होते. त्यांच्यात अर्ध्या फेऱ्याचा प्ले, म्हणजे रिकामा खेळ, होता. तेवढं चाक उलटं फिरलं तरी तबकडी जागची हलत नव्हती. चाक दीड अंश खोटं बोलत होतं आणि तिचा सेन्सर ते खोटं मोठ्या अचूकपणे मोजत होता. एवढ्यावर थांबतं तरी बरं. तिनं मनात हिशेब केला. चाकाचा एक अंश म्हणजे तबकडीच्या अंशाचा तिसावा हिस्सा वाटेल, पण तसंही नाही; तीनशेसाठला तीन, म्हणजे एकशेविसावा हिस्सा. नांदेडच्या दोन्ही खेपांत तिनं घालवलेली चूक तबकडीपर्यंत पोचतच नव्हती. हे गणित पहिल्या दिवशी पाच मिनिटांत झालं असतं. ते न करता ती एकवीस दिवस बुश घासत बसली होती. तिला स्वतःचाच इतका राग आला की चाचांवर चिडायला काही उरलं नाही.

तिनं मृत्युंजयना फोन लावला.

"सोप्पंय की," ते खुशीत म्हणाले. "गुरुवारी दगडोबाला उभं करा."

"आणि शुक्रवारी?"

"शुक्रवारी साहेब येणार नाहीत."

"आकडा तर येणार आहे ना. सेन्सर चाकावरून काढते. गिअरच्या खाली, तबकडीच्या दांड्यावरच लावते."

"तिथं चिखल आहे, बाई! आणि तीन दिवस राहिलेत!"

"मोजलेत मी," ती म्हणाली आणि फोन ठेवून नांदेडची बस धरली. तबकडीचा दांडा जाड होता, जुना बुश बसणार नव्हता. आणि तिथं एक अंश म्हणजे खरोखर एक अंश. आता केसाएवढा फरकही नडणार होता.

"तिसरा?" अजहरनं कपाळाला हात लावला. "घरी लोणचं घालून राहिलात का बुशांचं?"

"या वेळी खरंच लागतोय."

"म्हंजी आधीचे दोन?"

तिनं मापांचा कागद त्याच्यापुढं सरकवला.

बुधवारचा अख्खा दिवस गुडघाभर चिखलात गेला. चाचा वरून दोर धरून सूचना करत होते, त्यातली एकही कामाची नव्हती. संध्याकाळी चूक आली शून्य पूर्णांक चार अंश. टेबलावरच्या आकड्यापुढे लाज वाटावी अशी, पण दरवेळी तेवढीच.

गुरुवारी ऐनवेळी मृत्युंजयनी दगडोबाला पुढं केलं. शिवकांता मध्ये आली. "पाळी कुणाचीही असो, आज चाक चाचा फिरवतील."

चाचांनी दहा फेरे दिले. पडद्यावर तीस पूर्णांक चार. मग सवयीनं अर्धा फेरा उलटा. मृत्युंजयनी डोळे मिटले. आकडा जागचा हलला नाही. साहेबांनी चाचांना चार वेळा चाक मागंपुढं करायला लावलं, प्रवाहाचा मीटर पाहिला आणि कागदावर सही केली.

जिलानीचाचा मात्र पडद्याकडे बघून नाराज झाले होते.

"म्याडम, पयलं यंत्र बरं होतं," ते म्हणाले. "मी सैल सोडलं की त्याला कळायचं तरी."