एकतीस पडद्यांची गिटार

रविवारी दुपारी गावच्या ग्रेंज हॉलमध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्या सभागृहात, मुंगीला शिरायला वाव नव्हता. सुरांनी रोग बरे करणारे ब्रदर ल्युसियन ज्याला त्याला त्याचा आजार ऐकवत होते, आणि फुकट ऐकायला मिळाला तर आजार कोणाला नको असतो?

रोगी खुर्चीत बसे. ब्रदर हॉलच्या जुन्या पियानोवर दोन सूर एकदम दाबत. सुरांत थरथर उमटे.

"ऐकलीत? ही या देहातली व्याधी! जगाने सप्तकाचे बारा तुकडे केले आणि अंथरूण धरलं. मला शास्ता पर्वतावर ध्यानात एकतीस दिसले. सारखे एकतीस!"

मग ते आपली एकतीस पडद्यांची गिटार छेडत. तेच दोन सूर, पण थरथर गायब. लोक डोळे पुसत.

वर्ना टटलने डोळे पुसले नाहीत. तिचा नवरा एमेट त्या खुर्चीत बसून आल्यापासून, नऊ दिवस, हृदयाच्या गोळ्या घेत नव्हता. कालपासून त्याला चार पायऱ्यांना धाप लागत होती. वर्नाला राग आला होता, पण त्याहून जास्त भीती वाटत होती.

ती उठली आणि कॉफीची किटली खुर्चीत ठेवून आली.

"ब्रदर, हिला तपासा."

"बाई, श्रद्धेची थट्टा नको!"

"थट्टा कसली? रोगी आहे." तिने स्वतःच तेच दोन सूर दाबले. थरथर उमटली. "सेकंदाला सात वेळा थरथरतेय. एमेट, तुझीही सातच होती. किटलीला तुझाच आजार झालाय."

"वर्ना, बस ना खाली," एमेट पुटपुटला.

"म्हणजे पियानोच आजारी!" ब्रदरनी सावरून घेतलं.

"आजारी नाही, मी लावलाय. चाळीस वर्षं मीच लावते. बारा सारखे भाग केले की ही जोडी जराशी चढी राहते, म्हणून थरथरते. आम्ही पियानो लावणारे ती थरथर मोजून ठेवतो. एकतीस भागांत ती जवळजवळ नेमकी जुळते, म्हणून शांत वाजते."

तिने पर्समधून तारा पिळायची चावी काढली, वरच्या सुराच्या तीन तारांपैकी दोन जाड लोकरी पट्टीने दाबून मुक्या केल्या आणि उरलेली एक तार केसभर उतरवली. सूर दाबले. थरथर गेली.

"पियानो बरा झाला. पर्वत न चढता."

हॉलमध्ये कोणीतरी खुदकन हसलं. ब्रदर गिटार पेटीत ठेवू लागले.

"पण मला खरंच बरं वाटलं होतं गं," एमेट म्हणाला.

"वाटलं असेल. सूर गोडच आहेत. रोज ऐक, पण गोळी घेऊन ऐक. आणि आता इथून थेट दवाखान्यात."

एमेटने हात पुढे केला. पाणी नव्हतं, म्हणून वर्नाने गोळीबरोबर त्याच किटलीतली कॉफी दिली.

सूर कानाने ऐकावा, हृदय डॉक्टरला दाखवावं. आणि कोणी चमत्कार करून दाखवला, तर आपण खुर्चीत बसण्याआधी एकदा किटली बसवून बघावी.