यंत्राच्या कपाळचा साथिया

नंदुरबारच्या रतनलालशेठची पेढी कागदोपत्री त्यांच्या बायकोच्या, कंकुबाईच्या नावावर. म्हणून निर्यातीची मिरची निवडायचं यंत्र परदेशातून आलं, तेव्हा हजिरा बंदरावरच्या तपासणीला सूनबाई एकतासोबत कंकुबाईही मालकीण म्हणून गेली. अधिकाऱ्याने खोकं उघडलं, तशी बाईने कमरेची डबी काढली आणि तेलात कालवलेल्या कुंकवाने यंत्राच्या कपाळावर साथिया, म्हणजे आपलं स्वस्तिक काढलं. शिवाय अंगठ्याचे चार ठिपके. अधिकाऱ्याने हसतहसत तसाच फोटो घेतला. एकता शरमेने अर्धमेली झाली.

घरी आणल्यावर कळलं, कंपनीने तांदूळ निवडायचं यंत्र पाठवलंय. कंपनी ते परत घेऊन किंमत द्यायला तयार झाली, पण लाखांची आयात ड्युटी आधीच भरून झालेली. माल न वापरता परत गेला तर सरकार ती जवळजवळ सगळी परत देतं, हे एकताने शोधून काढलं. सासऱ्यांनी नाक मुरडलं. पैसा आला तर निर्यातीचं काम तुझं, नाहीतर पुनीत बघेल, असं त्यांनी सांगून टाकलं. पुनीत म्हणजे धाकटा दीर. मिरची तिखट असते, एवढंच त्याला धंद्यातलं ठाऊक.

यंत्र पाठवण्याआधी एकता रॉकेलचा बोळा घेऊन साथिया पुसायला गेली. कंकुबाईने हात धरला.

"पुसू नको व. घरमा उनेल वस्तूले मोकळं कपाळ धाडतस का?"

घरात आलेली वस्तू कुंकवाशिवाय धाडायची नाही, या हट्टापुढे एकताने चिडून बोळा फेकून दिला.

बंदरावर या खेपेला दुसरा अधिकारी होता. यंत्रावरची नंबराची पाटीच गायब. यंत्र ठेवलं होतं त्या मिरची वाळवायच्या पठारीवरच्या उन्हात डिंक सुटून कुठेतरी पडलेली. आलेलं यंत्र हेच कशावरून, त्याने विचारलं. आता पुनीतच्या हाताखाली बसायचं, या विचाराने एकताने मान खाली घातली, तर समोर साथिया.

"साहेब, तुमच्या ऑफिसचा जुना फोटो काढा. आमच्या सासूबाईंचा अंगठा आहे त्यात."

फोटो निघाला. साथियाची एक वाकडी भुजा जुळली. ठिपक्यांतली, अंगठ्यावरच्या विळीच्या जुन्या घावाची रेघसुद्धा चारही ठिकाणी जुळली. अधिकाऱ्याने सही केली आणि पुढे ड्युटीचा परतावा पेढीच्या खात्यात येऊन पडला. रतनलालशेठांनी घरभर पेढे वाटले. पहिला सुनेच्या हातावर ठेवला.

बरोबर यंत्र आलं, तेव्हा सासूसुना पुन्हा हजिऱ्याला गेल्या. खोकं उघडताच कंकुबाईने डबी सुनेपुढे धरली.

"आते तू काढ. धंदा तुन्हा शे."

एकताने साथिया काढला आणि सगळ्या अधिकाऱ्यांदेखत अंगठा चांगला दाबून चार ठिपके उमटवले.