धाकटीचा तास

वर्तमानपत्रातलं शिक्षण आणि तंत्रज्ञानाचं पान ती इतकी वर्षं सांभाळत होती, की कचेरीत सगळे तिला मास्तरीणच म्हणायचे. खरी शिक्षिका होती तिची धाकटी बहीण. ती गेल्या वर्षी आजारपणात गेली. तेव्हापासून मास्तरीण वेळेवर यायची, मजकूर वेळेवर द्यायची आणि इतर हसले की हसायची.

गणिताला शिक्षक मिळेना म्हणून एका शाळेने पडद्यावरून तास सुरू केले होते. बातमीसाठी ते पाहायला ती गेली. मुख्याध्यापिकेने तिला शेवटच्या बाकावर बसवलं. पडदा उजळला, आकडे आले, मागोमाग आवाज आला.

"चला, वह्या उघडा. आज अपूर्णांकांचा बागुलबुवा पळवून लावायचाय."

आवाज धाकटीचा होता.

मास्तरीण हलली नाही. आता रडू येईल म्हणून तिने वाट पाहिली. आलं नाही. बाकाची कड मांडीला रुतत होती, तेवढं कळत होतं.

"समजलं ना?" धाकटीने विचारलं.

"हो," वर्ग एका सुरात म्हणाला.

पुढच्या बाकावरच्या मुलीला काही समजलं नव्हतं. तिच्या झुकलेल्या मानेवरून मागूनही ते दिसत होतं. अशी मान दिसली की धाकटी खडू खाली ठेवायची. आवाज मात्र पुढच्या उदाहरणाकडे निघून गेला.

बाहेर येऊन तिने धाकटीच्या नवऱ्याला फोन केला.

"सांगणार होतो, ताई," तो म्हणाला. "आजारी पडायच्या आधीचं रेकॉर्डिंग आहे. पण तुमच्यापुढे विषय काढायला जीभ रेटेना."

"तू ऐकतोस?"

"नाही. लेक ऐकते. अभ्यास असतो ना."

कचेरीत ती संपादकांना म्हणाली, "ही बातमी दुसऱ्या कुणाला द्या. पडद्यावरचा आवाज माझ्या बहिणीचा आहे."

"मग तर तूच लिही. वाचणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येईल."

"माझ्याच येत नाहीये."

"बरं. जे पाहिलंस तेवढंच लिही. नातं शेवटच्या ओळीत सांगून टाक."

तिने तसंच लिहिलं. शिकवणं स्वच्छ, उदाहरणं चोख. पण मूल कुठे अडलं हे पडद्याला दिसत नाही, वर्गात माणूस हवाच.

छापून आलं त्या सकाळी धाकटीच्या नवऱ्याचा फोन आला. "कडक लिहिलंत."

"खोटं आहे का?"

"नाही. रेकॉर्डिंगवरून आली की तीही म्हणायची, भिंतीशी बोलून आले." मग चाचरत म्हणाला, "लेक एका गणितात अडलीय. मला काही सुधरत नाही. येता का?"

संध्याकाळी ती गेली. गणितात तिची गती बेताचीच. भाची आणि ती चुकतमाकत शेवटापर्यंत पोचल्या, तर उत्तर पुस्तकाशी जुळेना.

"परत करू या, मावशी?"

"करू."

अजूनही तिला आतून काहीच वाटत नव्हतं. तिने खुर्ची जवळ ओढली आणि भाचीच्या पेन्सिलीकडे बघत राहिली.