बदकाच्या खुणेची जाळी

मी एक जुनी जाळी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. मी खिडकीची नाही, आणि डास अडवणारी तर मुळीच नाही. मी कागद गाळणारी जाळी आहे. माझी चौकट सागवानी, अंग पितळी तारांचं, आणि वय विचारायचं नाही. माझ्या अंगभर भोकं आहेत म्हणून कुणी हसत असेल तर त्याने आधी ऐकून घ्यावं. जे सोडायचं ते मी सोडते आणि जे धरायचं ते धरून ठेवते. भोकं नसलेल्या भल्याभल्यांना एवढं जमत नाही.

माझी चौकट एका सुताराने घडवली, पण मला विणलं ते त्याच्या नव्या सुनेने. तिला आज सगळे मावशी म्हणतात. तेव्हा ती जेमतेम अठराची होती आणि शाळेच्या दोन इयत्ता कशाबशा झालेल्या. विणून झाल्यावर सासरे म्हणाले, "आता कोपऱ्यात तुझं नाव घाल पोरी. कागदात उमटेल."

नाव लिहायला तिचा हात धजेना. मग तिने एक तार वाकवली, तिचं बदक केलं आणि माझ्या कोपऱ्यात शिवून टाकलं. तार असते तिथे कागद पातळ होतो, म्हणून तो उजेडात धरला की बदक दिसतं. आता खरं सांगते, त्या बदकाची मान जरा आखूड झाली आणि शेपटी जरा जास्तच वळली. पाहणाऱ्याला किटली वाटते. पण मावशीसमोर तसं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मग आम्ही दोघींनी चाळीस वर्षं काम केलं. जुन्या सुती कपड्यांच्या चिंध्या भिजवायच्या, कुटून त्यांचा लगदा करायचा आणि तो पाण्याच्या हौदात ढवळायचा. मावशी मला दोन्ही हातांनी हौदात बुडवायची, आडवी वर काढायची आणि झोका द्यायची. आधी पुढे-मागे, मग डावी-उजवी. पाणी माझ्यातून गळून जायचं आणि लगद्याचे धागे एकमेकांत गुंतून बसायचे. माझ्यावर कडेपुरती एक सुटी चौकट बसते. ती माझी जाऊ. कडा सरळ ठेवते एवढंच तिचं काम, पण मिरवते अशी, की जणू कागद तिनेच केला!

आमच्या कागदावर दस्तऐवज लिहिले गेले, चित्रं काढली गेली. एक चित्रकार तर कागद आधी गालाला लावून बघायचा, मगच घ्यायचा. मावशी म्हणायची, "लावा, लावा. गाल खरखरीत असेल, कागद नाही."

पुढे यंत्राचा कागद आला आणि आमच्या दारातली वर्दळ आटली. त्याचं मला एवढं वाटलं नाही. पण एक दिवस मावशी हौदाजवळच घसरली आणि तिचं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण हातात थरथर राहिली ती राहिलीच. तिने मला उचलून पाहिलं. कागद एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला विरलेला निघाला. झोका गेला होता. तिने मला कोंबडीच्या पिलांच्या टोपलीवर झाकण म्हणून ठेवलं, मांजर येऊ नये म्हणून. जिच्या अंगावर कागद जन्मले तिच्या अंगावर चार वर्षं पिलं नाचली. काय काय सोसलं ते सांगत नाही. तुम्ही जेवायला बसला असाल.

मावशीची सून एका शाळेची प्रयोगशाळा सांभाळते. सगळं मोजून करणारी आणि वहीत टिपणारी बाई. तिने एकदा मला धुतलं आणि उन्हात धरलं.

"आई, ही किटली कुणी शिवलीय हो?"

"किटली?" मावशी कडाडली. "डोळे आहेत का बटणं? बदक आहे ते!"

पण बोलता बोलता तिने बदकावर बोट फिरवलं. सुनेने ते पाहिलं. "मला शिकवा ना कागद," ती म्हणाली.

"कागदाला हात लागतो बाई. वही नाही."

सूनही काही कमी नव्हती. ती थेट वाचनालयाच्या अध्यक्षांकडे गेली आणि मागची खोली मागून आली. तिथे कागद करणं, लाकडी ठशांनी छपाई आणि पुस्तकबांधणी शिकवायचं ठरलं. अध्यक्षांनी अट घातली. महिनाभरात सबंध इथेच केलेलं बारा कागदांचं एक पुस्तक दाखवा, नाहीतर खोलीत मोडक्या खुर्च्या ठेवू. मावशी वरवर म्हणाली, "हं, खुर्च्याच बऱ्या." पण मला ठाऊक होतं, ही खोली गेली की तिची विद्या तिच्याबरोबरच जाणार.

दर रविवारी आठ जण येऊ लागले. त्यांत दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या. ठशात अक्षरं उलटी कोरावी लागतात, तिथे सगळे अडले. पण या बाईंचा जन्म आरशात बघून दात कोरण्यात गेलेला. त्यांनी पहिल्याच फटक्यात बिनचूक कोरलं. निवृत्त टपालकाका होते. त्यांनी जन्मभर पत्रांचे गठ्ठे बांधलेले. त्यांनी शिवलेल्या वह्या ओढूनही सुटेनात.

कागद मात्र कुणालाच जमेना. सगळ्यांची चूक एकच. पाणी गळून गेलं तरी कागद सारखा दिसत नाही म्हणून मला हलवत राहायचं. मग बसलेला लगदा सरकायचा आणि त्याला सुरकुत्या पडायच्या. सुनेने घड्याळ लावून सेकंद मोजले, तरी तेच.

"पीठ चाळताय का?" मावशी ओरडायची. "झालेल्या कामात बोटं घालायची सवय जाईल तर शपथ!" सून तेही वहीत टिपायची.

तिसऱ्या रविवारी दुपार झाली तरी एकही कागद धड नव्हता. मावशीला राहवेना. "सरका," म्हणत तिने मला हिसकावून घेतलं, बुडवलं, वर काढलं. हात थरथरला. लगदा एका कोपऱ्यात गोळा झाला आणि सबंध कागद परत हौदात घसरला, सगळ्यांसमोर.

मावशीने खुर्ची फिरवली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. सुनेने मला उचललं आणि बुडवलं.

"उशीर," मावशी भिंतीलाच म्हणाली.

सुनेने पुन्हा बुडवलं.

"उशीर."

"आई, तुमची तर पाठ आहे इकडे."

"पाठ आहे, कान नाहीत का?" मावशी गर्रकन वळली, आणि थबकली. तिचं तिलाच नवल वाटलं. "अगं... ऐक त्या जाळीला! पाणी गळताना आधी सर्र करते, मग टपटप करते. सर्र आहे तोवर हलव. टपटप सुरू झाली की हात दगड. आभाळ कोसळलं तरी हलायचं नाही."

चाळीस वर्षं मी बोलत होते, मित्रांनो, आणि ती ऐकत होती. दोघींनाही ठाऊक नव्हतं.

सुनेने डोळे मिटले. सर्र... टप. हात थांबला. तिने मला लोकरीच्या ओल्या कापडावर पालथं घातलं, दाबलं आणि उचललं. खाली कागद होता. चारी कडा सारख्या!

"अय्या!" डॉक्टरीणबाई ओरडल्या. टपालकाकांनी घाईघाईने बाह्या सरसावल्या. "आता मला द्या, माझेही कान शाबूत आहेत." मावशी पुन्हा भिंतीकडे वळून बसली, पण आता सेनापतीसारखी, आणि पाठमोरीच हुकूम सोडू लागली. त्या दिवशी एकोणीस कागद झाले.

ते वाळले, छापले गेले, शिवले गेले. त्यांवर काय छापलं ठाऊक आहे? सुनेच्या वहीतलं मावशीचं बोलणं! पानापानावर एक ओळ. "पीठ चाळताय का?" हे पहिलंच पान. सुनेने वाचून दाखवलं तेव्हा मावशी म्हणाली, "मी इतकी बोलते?" आठही जण एका सुरात म्हणाले, "हो!"

महिनाअखेर अध्यक्षांनी पुस्तक उलटसुलट पाहिलं. "सुबक आहे. पण कागद इथलाच कशावरून? बाजारातही असा मिळतो."

सुनेने एक पान खिडकीच्या उन्हात धरलं. अध्यक्षांनी चष्मा सारखा केला. "ही... किटली कसली?"

"बदक आहे ते!" अख्खी खोली गरजली.

"डोळे तपासून घ्या साहेब," मावशी म्हणाली, "पण खोली राहू द्या."

अध्यक्षांना हसू आवरेना. त्यांनी खोलीची किल्ली मावशीच्या हातात ठेवली. थरथरत्या हातात ती खुळखुळ वाजली. एरवी पदराआड जाणारा तो हात मावशीने उंच धरला आणि किल्ली सगळ्यांना ऐकू येईल अशी वाजू दिली.

आता दर रविवारी माझ्यापुढे रांग असते. सून स्वतःची जाळी विणते आहे. तिच्या कोपऱ्यात तिने कसलीशी तार वाकवली आहे. ते काय आहे, हे मी अजून विचारलेलं नाही. शहाण्याने विचारूही नये.

मित्रांनो, माझं मागणं थोडकं आहे. काम झालं की मला स्वच्छ पाण्याने धुवा, भोकांत लगदा वाळू देऊ नका. तुमच्या घरात हात थकलेलं कुणी असेल तर त्यांना भिंतीकडे तोंड करून बसवू नका. आणि ते स्वतःच तसे बसले, तर गप्प राहून ऐका. शिकवणी तिथूनच सुरू होईल.

आणि हो, पिलांसाठी दुसरं झाकण बघा.