विभूतीच्या तीन रेघांची साक्ष

मित्रांनो, मी एक जुनं सागवानी दार आहे. घराचं नव्हे, कपाटाचं. आणि खरं सांगायचं तर आता कपाटाचंही नाही. कसबा बावड्यात रुद्राणीवहिनींच्या शिवणाच्या खोलीत मी दोन लाकडी घोड्यांवर आडवा पडून असतो आणि माझ्या अंगावर दिवसभर ब्लाउजची कापडं बेतली जातात. माझा हा लांबलचक तडा बघून कुणी "अरेरे!" म्हणालं, की मला हसू येतं. अहो, अरेरे कसलं? याच तड्यासकट मी ग्राहक मंचाची पायरी चढून आलोय. किती दारांच्या नशिबी हे असतं, सांगा बघू!

माझा जन्म आकाराम सुतारांच्या हातचा. माझा साग त्यांनी दोन वर्षं सावलीत वाळवला होता. रंधा मारताना ते माझ्यावरून तळहात फिरवायचे आणि स्वतःशीच खूश व्हायचे. शहरातल्या एका मोठ्या फर्निचरच्या दुकानासाठी त्यांनी आमचं कपाट बनवलं. दुकानाचा फिटर जोतीराम आम्हाला न्यायला आला तेव्हा आकारामांनी त्याला बजावलं, "जोत्या, ह्यो साग हाय. आधी गिरमिटानं भोक पाडायचं, मग स्क्रू. अन् स्क्रू पिळायचा, ठोकायचा न्हाय." जोतीराम "व्हय व्हय" म्हणाला आणि बिडी पेटवायला निघून गेला. मला तेव्हाच तो आवडला नव्हता.

ते १९९८ साल होतं. रुद्राणीवहिनी आणि त्यांचे यजमान बसवेश बावड्यात नव्या घरी राहायला आले होते. बसवेश साखर कारखान्यात, वहिनी घरी शिवणकाम करायच्या. आपल्या शिलाईच्या कमाईतून त्यांनी दुकानात आमचं कपाट पसंत करून विकत घेतलं. इतर गिऱ्हाइकं कपाटांचे आरसे बघत होती, वहिनी माझा पोत बघत होत्या. पारखी बाई! बिलावर दुकानदारानं स्वतः लिहून दिलं, 'घरी जोडून देण्यासह'. या तीन शब्दांकडे लक्ष ठेवा.

आम्ही सुटे भाग जोतीरामसोबत टेंपोतून घरी पोचलो. आता कोल्हापूरची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. दारात आलेला माणूस पावणा! वहिनींनी उंबऱ्यावर नारळ फोडला. मग विभूतीचा गोळा ओला करून तीन बोटांनी माझ्यावर तीन आडव्या रेघा ओढल्या. त्यांच्या लिंगायत घरात नवी वस्तू अशीच घरची होते. एवढ्यात आत दूध उतू जायला लागलं, त्यामुळे घाईत रेघा मधोमध न येता बिजागरीच्या कडेला आल्या. मी म्हटलं, असू दे, माया तर मधोमध आहे ना!

चहा झाला, पोहे झाले. जोतीरामनं कागद पुढं केला. त्यावर छापलं होतं, 'माल चांगल्या स्थितीत मिळाला.'

"जोडल्यावर करतो की सही," वहिनी म्हणाल्या. आमच्याकडे बायकाही करतो-जातोच म्हणतात.

"का वैनी, इस्वास न्हाय व्हय आमच्यावर?"

झालं! घरचे पोहे खाल्लेल्या पावण्यावर अविश्वास दाखवायचा? जिभेवर आलेला नकार गिळून वहिनींनी सही ठोकली आणि कपबशा घेऊन आत गेल्या.

सही खिशात गेल्यावर जोतीरामचं काम पाहण्यासारखं होतं. गिरमिट पिशवीतच राहिलं. त्यानं वरच्या बिजागरीत स्क्रू धरला आणि हातोडीनं हाणला. एक घाव, दोन घाव. तिसऱ्या घावाला माझ्या अंगातून कळ गेली आणि 'काट्' करून मी वरून खाली फाटलो. तडा थेट विभूतीच्या तिन्ही रेघांमधून गेला. मित्रांनो, मी लाकूड असलो तरी फार लागलं मला.

आवाज ऐकून वहिनी धावत आल्या. जोतीराम म्हणाला, "नारळ फोडलासा न्हवं, त्याचा दणका बसलाय." दुसऱ्या दिवशी त्या दुकानात गेल्या, तर मालकानं सहीचा कागद नाचवला. "फिटर आमचा नव्हे, बाहेरचा. आणि माल चांगला मिळाल्याची तुमचीच सही आहे. वाटलंच तर माणूस पाठवतो, पॉलिश मारून देईल, तडा दिसणारसुद्धा नाही." वहिनी "नको" म्हणाल्या तसा तो सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं बोलला, "नारळ आपटून दार फोडायचं आणि नाव दुकानाचं घ्यायचं. बाई खोटं बोलतीय."

नेमक्या त्याच वेळी वहिनींच्या दोन गिऱ्हाईक बायका तिथं होत्या. शिवणाऱ्या बाईच्या हाती लोक चांगलंचुंगलं कापड देतात ते तिच्या शब्दावर. आठवड्यात तीन जणींनी न शिवलेली कापडं परत नेली. तडा गेला होता मला, पण मोडत चालला होता वहिनींचा शब्द. मला हे सोसवेना.

बसवेश म्हणाले, "पॉलिश मारून घे अन् सोड की! कशाला नादाला लागतीस?"

"दार गेलं तर गेलं," वहिनी म्हणाल्या, "पर मी खोटी न्हाय. ह्या दाराला कुणी फडकंसुदीक लावायचं न्हाय."

इरावतीबाई नावाच्या एक निवृत्त शिक्षिका वहिनींकडून कपडे शिवून घ्यायच्या. त्यांनी बिल वाचलं आणि त्या तीन शब्दांवर बोट ठेवलं. "रुद्राणी, तुझी सही माल मिळाल्याची आहे, नीट जोडल्याची नाही. जोडून देणं दुकानानं कबूल केलंय, मग फिटर कुणाचाही असो, जबाबदारी दुकानाची. वकीलही लागत नाही. साध्या कागदावर ग्राहक मंचाकडे तक्रार लिहू." आणि लिहिलीच!

सुनावणीच्या दिवशी मला कपाटावरून उतरवून टेंपोत घातलं. मंचाचा शिपाई कपाळाला हात लावून म्हणाला, "अहो, कागद आणायचे असतात, दार काय आणलंत?" बसवेश म्हणाले, "आमचा साक्षीदार हाय त्यो!" माझी छाती अशी फुगली म्हणता!

दुकानदार ऐटीत म्हणाला, "साहेब, यांनी आधी नारळ फोडला, तेव्हाच दार तडकलं. मग भस्म लावलं. मग आमच्या माणसानं जोडलं."

वहिनी उठल्या. त्यांनी पिशवीतून खडू आणि दोन चिंध्या काढल्या. एका चिंधीवर खडूनं रेघ ओढली आणि ती कात्रीनं मधोमध कापली. दुसरी आधी कापली, तुकडे जवळ ठेवले आणि वरून रेघ ओढली.

"साहेब, मी रोज खडू मारून कापड कापतो. खडू आधी असला तर कापलेली कड कोरी राहती. कापल्यावर खडू मारला तर कडेला लागतो, खाली उतरतो. विभूती तर ओली होती. दार आधीच तडकलं असतं, तर ती तड्यात उतरली असती. तुमीच बघा की."

अध्यक्षसाहेब खुर्चीतून उठले, भिंग घेऊन माझ्यापाशी वाकले. तिन्ही रेघा तुटलेल्या, आणि तड्याच्या आत लाकूड अगदी कोरं. विभूतीचा कणही नाही. त्यांनी दुकानदाराकडे वळून विचारलं, "भस्म लावल्यानंतर दाराला हात कुणी लावला म्हणालात?"

दुकानदारानं सहीचा कागद घडी करून खिशात घातला.

निकाल लागला, दुकानानं दार नवं बसवून द्यावं आणि झालेल्या त्रासाची भरपाई करावी. वहिनींनी एकच विनंती केली, "जुनं दार मला ऱ्हाऊ द्या." ऐकून मला भरून आलं. परत नेलेली कापडं बायका पुन्हा घेऊन आल्या. एकजण तर दोन जादा आणून म्हणाली, "चुकलं बाई आमचं."

नवं दार बसवायला पुन्हा जोतीरामच आला. खाली मान घालून उभा होता. वहिनींनी त्याला बसायला दिलं, चहा दिला, पोहेही दिले. मग त्यानं गिरमिटानं भोक पाडलं आणि स्क्रू पिळून बसवला. कागद पुढं करायचं धाडस त्याला होईना. वहिनींनी दार चारदा उघडलं, चारदा लावलं, कडेनं बोट फिरवलं आणि स्वतःच पेन मागितलं.

त्याला आता बरीच वर्षं झाली. आमच्या गल्लीत कुणाकडे नवा फ्रिज येवो की सोफा, हाक येते, "वैनी, सही करायची हाय, या की जरा!" आणि वहिनी हातातलं कापड माझ्यावर ठेवून लगबगीनं निघतात. त्यांच्या खडूच्या रेघा रोज पुसल्या जातात. त्या तीन मात्र पुसट का होईना, अजून आहेत.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरी कुणी काही जोडायला आलं, तर आमच्या वहिनी सांगतात ते ऐका. पावण्याला चहा आल्याआल्या द्या. सही मात्र काम बघून झाल्यावर.