भुजंगच्या ओळीतले आकडे

डिसेंबरात आलेलं ते पत्र मी उभ्या उभ्या वाचलं आणि वाचून झाल्यावर खाली बसलो. मग ते एका जाड पुस्तकात ठेवून दिलं. पुस्तक मुद्दाम असं निवडलं, की जे मी पुन्हा उघडणार नाही. पण माझा हात पुस्तकांवरून फिरल्याशिवाय राहत नाही, त्यामुळे दोन-चार दिवसांनी तो त्याच पुस्तकापाशी येऊन अडखळायचा. उत्तर मात्र मी दिलं नाही. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. पत्रासोबत आलेलं, पत्ता छापलेलं, तिकिटं लावलेलं पाकीटही तसंच कोरं राहिलं.

पत्र पुण्याहून, लष्कराच्या एका वैद्यकीय संशोधन विभागाकडून आलं होतं. खाली मेजर यशश्री या डॉक्टरांची सही होती. भाषा फार आदराची होती. १९८७ च्या हिवाळ्यात अठरा हजार फुटांवरच्या एका चौकीवर मी नर्सिंग असिस्टंट होतो आणि जवानांच्या प्रकृतीची रोजची नोंदवही ठेवत होतो. ती जुनी वही आता सापडली होती. इतक्या उंचीवर ज्यांच्या शरीराला काहीच त्रास झाला नाही, अशा माणसांचा अभ्यास त्यांना करायचा होता. आमच्या चौकीवरची अशी पाच नावं त्यांनी निवडली होती. या पाच जणांना एप्रिलमध्ये दहा दिवस बारा हजार फुटांवर नेऊन पुन्हा तपासायचं ठरलं होतं. माझ्याकडून एवढंच हवं होतं, की नोंदी मी स्वतः मोजून केल्या आणि त्या खऱ्या आहेत, असं माझ्या हस्ताक्षरात लिहून सही करून पाठवावं. एकतीस मार्चपर्यंत उत्तर आलं नाही, तर नोंदी खऱ्या धरल्या जातील.

म्हणजे गप्प बसणं हीसुद्धा माझी सहीच होती.

पाच नावांत चौथं नाव भुजंगचं होतं.

भुजंग वडीगोद्रीचा, मी अंबडचा. फौजेत आपल्या मुलखाच्या माणसाला ग्राईं म्हणतात. त्या चौकीवर मराठी बोलणारे आम्ही दोघंच होतो. तो सव्वीस वर्षांचा, छातीनं रुंद, आवाजानं मोठा. मी एकतीसचा, चष्मा लावणारा, बोलताना अडणारा. जवान मला डाक्टर म्हणत, तेही निम्मं चेष्टेनंच. मी डॉक्टर नव्हतो. दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधायचा, नाडी मोजायची, आकडा लिहायचा आणि काही चुकीचं दिसलं तर खाली वायरलेस करायची, एवढंच माझं काम.

एका सकाळी भुजंगच्या तंबूत गेलो तर त्याचे ओठ निळे पडले होते. श्वास घेताना छातीत बुडबुडे वाजत होते आणि थुंकीत गुलाबी फेस होता. फुफ्फुसात पाणी. पुस्तकातलं ते पान मला पाठ होतं. मी ऑक्सिजनचा सिलिंडर लावला आणि वायरलेसकडे निघालो, तर त्यानं माझी पँट धरली.

"लिवू नको डाक्टर. मेडिकलमधी खाली टाकलं तर हवालदाराचं कॅडर गेलं माझं, बढती गेली. घरी काय तोंड दाखवू?"

मी लिहिलं नाही. तासाभरानं एक तुकडी खालच्या कॅम्पला रॉकेल आणायला निघणार होती. सुभेदारसाहेबांना सांगून मी त्याला त्या फेरीत घातलं, त्याच्या पाठीवरचा रिकामा डबा दुसऱ्याला दिला आणि सिलिंडर त्याच्यासोबत पाठवला. तीन हजार फूट खाली उतरल्यावर त्याचा श्वास मोकळा झाला. काही दिवस तिथं राहून तो परत आला, पण पुढे चौकी बदलेपर्यंत त्याची नाडी काही जागेवर आली नाही. त्याच्या ओळीत रोज काहीतरी लिहावं तर लागणारच होतं. खोटे आकडे मला सुचत नाहीत. मग मी स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला, स्वतःची नाडी मोजली आणि ती भुजंगच्या ओळीत लिहिली. एकूण एकोणीस दिवस.

म्हणून मेजर यशश्रींना जे शरीर विलक्षण वाटलं, ते माझं होतं.

हे मी आज सहज लिहितो आहे, पण पत्र वाचताना क्षणभर मला आनंद झाला होता, हेही लिहिलंच पाहिजे. मला जन्मभर कोणी धट्टाकट्टा म्हटलेलं नाही. तो आनंद ओसरल्यावर जी भीती आली, ती मात्र गेली नाही. एकदा ज्याच्या फुफ्फुसात पाणी झालं, त्याला उंचीवर ते पुन्हा होऊ शकतं. भुजंग आता चौसष्ट वर्षांचा होता.

सव्वीस जानेवारीला तहसीलच्या झेंडावंदनाला माजी सैनिक जमले, तेव्हा तो मला गर्दीतून शोधत आला. खिशातून त्याचं पत्र काढून त्यानं माझ्या नाकासमोर नाचवलं. "वीस एप्रिलला निघायचं! बघ, तुझ्या वहीनं परत बोलावलं मला." मी हसलो.

मार्चच्या मधल्या आठवड्यात मात्र मी जीपनं वडीगोद्रीला गेलो. हायवेला भुजंगच्या मुलाचं, भागवतचं, बॅटऱ्यांचं दुकान आहे. भुजंग दिवसभर तिथंच बसतो. दुकानावर फ्लेक्स लागला होता. गणवेशातला तरुण भुजंग, मागे बर्फाचे डोंगर, आणि मोठ्या अक्षरांत: 'वडीगोद्रीचा वाघ पुन्हा हिमालयात'.

"ये डाक्टर, ये. शर्टाला इस्त्री केलीस, म्हंजी कायतरी मागायला आला."

"मागायला नाही. सांगायला."

"मंग जल्दी सांग. तुला एक गोष्ट सांगायला दोन घंटे लागतात."

मी पिशवीतून ऑक्सिमीटर काढला. कोरोनात घेतलेला होता. "बोट दे."

"हे खेळणं अजून जपून ठेवलंस?" म्हणत त्यानं बोट घातलं. आकडा स्थिरावायला वेळ लागला. एक्क्याण्णव. मी माझ्या बोटाला लावून पाहिला. अठ्ठ्याण्णव.

"सकाळपासून बॅटऱ्या उचलून राह्यलो ना, म्हणून," तो म्हणाला.

"पायऱ्या चढताना थांबावं लागतं?"

"छ्या! बिलकुल न्हाई."

भुजंगच्या पत्नी, उषावहिनी, आतून चहा घेऊन आल्या होत्या. त्यांनी कप ठेवता ठेवता सांगून टाकलं, "थांबतात की भाऊजी. मत्स्योदरी देवीला गेल्तो, तर तीनदा बसले पायरीवर. म्हणले, चपलीत खडा गेला."

"तिन्ही वेळा?"

"मी बी तेच इचारलं."

"तू जा बरं आत, दूध उतू जाईल," भुजंग म्हणाला. त्या आत गेल्या. त्यानं माझ्याकडे वाकून डोळा मारला. "लिव, नव्याण्णव."

मला हसू आलं नाही. मी सांगितलं, जितकं नीट सांगता येईल तितकं. पाणी पुन्हा होऊ शकतं. आत्ता जमिनीवरच एक्क्याण्णव आहे. वर नेणाऱ्यांना तुझं खरं काही माहीत नाही, त्यामुळे ते तुझ्याकडे लक्ष ठेवणार नाहीत.

"परवाच फौजेच्या डाक्टरांनी तपासलं मला. ईसीजी, छाती, समदं बराबर."

"आणि हे? बोटाचं?"

तो थोडा ओशाळला. "त्याच्याआधी धा मिनटं खोल श्वास घेऊन बसलो. तूच शिकवल्तं."

खरंच मी शिकवलं होतं. वर, तंबूत.

"भुजंग, तू स्वतःच नाही म्हण. गुडघे दुखतात म्हण, काहीही म्हण."

आता त्याचा आवाज खाली आला. तो आवाज उतरला की मला जास्त भीती वाटते. "त्या वहीवर मी हवालदार झालो. पोरानं वर फ्लेक्स लावला. गावाला काय सांगू? ह्यो वाघ न्हाई, ह्यो डाक्टरचा दंड व्हता? अडतीस वर्षं गप बसलास, अजून दोन महिने बस. अन् लिवायचंच असंल तर लिव. मंग ह्या दुकानाची पायरी चढू नको."

परतताना जीपमध्ये मी मिटलेला ऑक्सिमीटर हातात धरून बसलो होतो.

एकतीस मार्च गेला. दुसऱ्या दिवशी मी पत्रावरच्या नंबरला फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलं आणि मी फोन ठेवून दिला. मग स्वतःची समजूत घालू लागलो. ते कदाचित पाणी नसेलच, नुसती सर्दी छातीत उतरली असेल. मी कुठला डॉक्टर? पुस्तक वाचून रोग ओळखणारा माणूस. आणि मी लिहिलं तर? पेन्शनला हात लावतील का? माझ्या नोंदींवर आणखी किती लोकांनी काय काय ठरवलं असेल? कागद घ्यायचो, 'आदरणीय मॅडम' लिहायचो आणि फाडायचो.

सात तारखेला माझ्या बायकोनं, रमानं, कपाट पुसायला काढलं. ती पुस्तकं उलटी धरून झटकते. पत्र खाली पडलं. तिनं ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि मला विचारलं. मी सगळं सांगितलं. चाळीस वर्षांच्या संसारात हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, ती माझ्या खोटेपणाबद्दल बोलेल. तिनं वेगळंच विचारलं.

"उषाला माहीत आहे का हे?"

"नाही."

"म्हणजे ती त्यांची बॅग भरत असेल," रमा म्हणाली. आणि उरलेली पुस्तकं झटकू लागली.

मी टेबलाशी बसलो आणि एका बैठकीत लिहिलं. वाक्यं चांगली झाली नाहीत. 'भुजंग यांच्या नावापुढचे शेवटच्या एकोणीस दिवसांचे आकडे त्यांचे नाहीत. ते माझे आहेत. त्यांना फुफ्फुसात पाणी झालं होतं. त्यांना वर नेऊ नये. त्यांच्या फुफ्फुसांची आणि हृदयाची नीट तपासणी करून त्यांच्यावर उपचार व्हावेत. त्यांनी लपवलं हे खरं, पण लिहिणारा हात माझा होता. जी कारवाई असेल ती माझ्यावर व्हावी.' शेवटी मला वाटलं म्हणून असंही लिहिलं, की तुमच्या अभ्यासाला माझ्या शरीराचा काही उपयोग असेल, तर मी येईन.

अंबडचं पोस्ट आमच्या घरापासून पाच मिनिटांवर आहे. तिथं पत्र टाकलं असतं तर भुजंगला कळायच्या आत ते पुण्याला पोचलं असतं. पण तो मागून केलेला वार झाला असता. आठ तारखेला सकाळी मी पाकीट घेऊन वडीगोद्रीला गेलो.

तिथलं पोस्ट दुकानाच्या समोरच, रस्त्याच्या पलीकडे आहे. जीपमधून उतरलो तेव्हा भुजंग फ्लेक्सखाली खुर्चीत बसला होता. मी पाकीट वर करून त्याला दाखवलं. मग त्याच्याकडे पाठ करून आत गेलो.

काउंटरवर बुद्धभूषण नावाचा तरुण पोस्टमास्तर होता. "स्पीड पोस्ट? चिकटवा की काका, उघडंच आहे."

"थोडं थांबतो."

"कशाला?"

मी दाराकडे पाहिलं. तेवढ्यात दारात सावली आली. एवढासा रस्ता ओलांडून भुजंग आला होता आणि काउंटर धरून उभा होता. बोलायला त्याला तीन-चार श्वास लागले. बुद्धभूषणनं आपलं स्टूल बाहेर सरकवलं. भुजंग बसला नाही.

"वाच," तो मला म्हणाला.

"इथं?"

"मंग काय चौकात? वाच."

मी वाचलं. माझा आवाज अडत होता. बुद्धभूषण शिक्के उगाच इकडचे तिकडे करत राहिला. 'भुजंग तीन दिवस खालच्या कॅम्पमध्ये होते' या वाक्यावर भुजंगनं हात वर केला.

"चार."

"काय?"

"तीन न्हाई, चार दिवस. तिसऱ्या दिवशी निघाल्तो वर, अर्ध्यातून परत फिरलो. दम लागला. तुला कळू दिलं न्हाई." तो काउंटरकडे बघत होता. "आतातरी बराबर लिव, डाक्टर."

मी 'तीन' खोडून 'चार' लिहिलं आणि बाजूला सही केली. सही वाकडी आली. पाकीट चिकटवलं. जुनी तिकिटं स्पीड पोस्टला पुरत नव्हती, वरचे पैसे भरले. बुद्धभूषणनं पाकीट वजनकाट्यावर ठेवलं, शिक्का मारला आणि मागच्या पिशवीत टाकलं.

"कधी पोचंल?" भुजंगनं विचारलं.

"परवापर्यंत," तो म्हणाला.

भुजंगनं मान हलवली आणि दारातून फ्लेक्सकडे बघत, श्वास जागेवर यायची वाट पाहत उभा राहिला. मी पावती घडी घालून खिशात ठेवली आणि त्याच्याशेजारी थांबलो.