भरतीचा खोटा आकडा

खाडीचं पाणी अडवणारा खारबांध फुटला त्या दुपारी प्रणिताच्या ॲपनं गावाला एकही मेसेज धाडला नाही. खाडीचं पाणी चढलं की घरोघरी मोबाईलवर इशारा जावा, एवढ्यासाठीच तर पेणच्या ऑफिसात बसून तिनं ते लिहिलं होतं. उधाणानं बांधाला खांड पाडली, पाणी मिठागरात शिरलं आणि तिच्या बापाचं, गुणाजीचं, काढणीला आलेलं मीठ विरघळून गेलं.

पाण्याची उंची मोजणारं मशीन बांधातल्या पाणी सोडायच्या दारावर बसवलेलं होतं, ते रोह्याच्या ठेकेदार जितेशचं. त्याच्याकडून आकडे यायचे, ॲप ते वाचायचं. गावबैठकीत जितेश हात झटकून मोकळा झाला.

"आमचा डेटा वेळेवर गेलाय. यांच्या ॲपला वाचता आला नाय, त्याला मी काय करू?"

सगळ्यांच्या माना प्रणिताकडे वळल्या. गुणाजी उठून गेला.

ऑफिसात तिनं त्या दिवसाची नोंद उघडली. सकाळपासून एकच आकडा, ओहोटीचा. मशीन बंद पडलं होतं, आणि ते चालू दिसावं म्हणून जितेशची यंत्रणा शेवटचा आकडाच पुन्हा पुन्हा पाठवत राहिली होती. खाडी एका जागी थांबत नाही हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळतं. तिच्या कोडला मात्र ते कुणी सांगितलं नव्हतं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तिनं कोड नव्यानं लिहिला. आकड्याची जागा रिकामी आली, तिथं अक्षरं आली, किंवा भरती असून आकडा हललाच नाही, तर ती नोंद खरी धरायची नाही. पण गुपचूप फेकूनही द्यायची नाही. बाजूला जपून ठेवायची आणि गावाला कळवायचं: 'मशीनचा आकडा खोटा आहे. बांधावर स्वतः नजर ठेवा. मशीन जितेशचं.' खाली त्याचा मोबाईल नंबर.

"नंबर हवाच का गो?" तिच्या वरिष्ठ अनितामॅडमनी विचारलं.

"व्हय. तक्रारीसाठी करारात त्यानंच दिलाय."

पुढच्या उधाणाला मशीन पुन्हा अडकलं. मेसेज गेले. माणसं बांधावर धावली, माती टाकून बांध राखला, आणि मग एकेकानं जितेशला फोन लावला. दुसऱ्या दिवशी तो ऑफिसात आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

"तेवढा नंबर काढ. लोक आईबहिणीवरून बोलतात."

"बोलू देत."

"दुरुस्तीला माणूस पाठवतो."

"माणूस नको, तुम्ही जा. आकडे खरे आले की मेसेज आपोआप थांबतील."

तो गेला. गाळात मांडीपर्यंत रुतून त्यानं मशीन बदललं. प्रणिता बांधावरून बघत होती. त्याचा एक बूट चिखलातच राहिला. तिला बरं वाटलं. अजून जरा रुतावा, असंही वाटलं. पण गुणाजीनं पुढे होऊन हात दिला आणि त्याला वर ओढलं.

"कशाला काढलंत, बाबा?"

"गावाम्होरं तुझी माफी मागायची हाय त्याला," गुणाजी म्हणाला. "चिखलात ऱ्हायला तर कोन मागंल?"

त्याच संध्याकाळी देवळापुढे, ओल्या पँटनिशी, जितेशनं ती मागितली. प्रणितानं शेवटपर्यंत ऐकून घेतली. माफ केलं, असं मात्र ती म्हणाली नाही.